पन्नाशीनंतर नवं शिकताना: छोट्या कारखान्याच्या मालकासाठी टप्प्याटप्प्याने

वीस-पंचवीस वर्षं कारखाना चालवलेला मालक शिकायचं ठरवतो तेव्हा सहसा कोर्सपासून सुरुवात करतो. असोसिएशनच्या ग्रुपवर कार्यशाळेचं पत्रक येतं, फी भरली जाते, दोन दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये जातात. जाडजूड फोल्डर घेऊन तो परत येतो, तर सकाळी गेटवर माल भरायला टेम्पो उभा आणि एका मशीनचा स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) बंद. फोल्डर कपाटात जातो. सहा महिन्यांनी तोच माणूस म्हणतो, "आता या वयात डोक्यात शिरत नाही."

वय आड येत नाही असं मी म्हणणार नाही. नवी माहिती पकडण्याचा वेग वयाबरोबर कमी होतो. पण कामातून साठलेली समज शाबूत असते, आणि नवी गोष्ट त्या समजेला जोडून घेतली तर ती टिकते. बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी कोर्स, मग विषय, आणि आपल्या कारखान्यात त्याचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी. हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. दहा ते साठ माणसांचा कारखाना किंवा वर्कशॉप स्वतः चालवणारे, पन्नाशी ओलांडलेले मालक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. उदाहरणं बहुतेक इंजिनिअरिंग जॉबवर्कची, म्हणजे ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे भाग बनवून देण्याच्या कामाची आहेत. फाउंड्री, लूम किंवा फूड प्रोसेसिंगवाल्यांनी आकडे आपापले घालावेत, क्रम तोच ठेवावा.

आधीची तयारी

ही तयारी क्षुल्लक वाटते म्हणून वगळली जाते, आणि पुढचं सगळं तिथेच अडतं.

चष्मा तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होत जातं आणि वाचनाचा नंबर बदलत राहतो. लॅपटॉपचा पडदा पुस्तकापेक्षा लांब असतो, त्यामुळे वाचनाच्या चष्म्याने तो धूसर दिसू शकतो. "कॉम्प्युटरवर डोकं दुखतं" म्हणून शिकणं सोडलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातल्या काहींना फक्त वेगळा नंबर हवा होता. मशीनच्या आवाजात वर्षं गेली असतील तर कानही तपासा. ऑनलाइन वर्गात अर्धवट ऐकू आलं की माणूस लाजेने पुन्हा विचारत नाही.

वेळ ठरवा, आणि ती सकाळची ठरवा. पहिली शिफ्ट सुरू होण्याआधीचा पाऊण तास, आठवड्यातून चार दिवस, एवढं पुरे आहे. रात्री जेवल्यावर शिकायचं ठरवलेलं फार काळ टिकत नाही, कारण दिवसभराच्या कटकटी तेव्हाच फोनवर येतात. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी एक मोठी बैठक ठेवता येते, पण फक्त सुट्टीच्या दिवसावर विसंबू नका. लग्नं, मुंजी, बँकेची कामं सगळी त्याच दिवशी येतात.

त्या पाऊण तासात फोन कोण घेणार ते नाव घेऊन ठरवा. सुपरवायझर असेल, घरचं कुणी असेल. काय घडलं तर तुम्हाला उठवायचं तेही सांगून ठेवा: अपघात, आग, वीज गेली तर. पार्टीचा, म्हणजे ग्राहकाचा, फोन त्या यादीत नसावा.

एक वही घ्या. साधी, दोनशे पानी. मोबाइलमधल्या नोंदी पुन्हा उघडल्या जात नाहीत.

तपासणी: दोन आठवडे नुसतं त्या वेळेला येऊन बसा आणि वर्तमानपत्र वाचा. आठपैकी सहा वेळा बसता आलं, तरच पुढे जा. नाही आलं तर वेळ बदला. विषय अजून निवडूच नका.

टप्पा १: काय येत नाही, ते नोंदीतून शोधा

"मला काय शिकायला हवं?" असं स्वतःला विचारलं की उत्तर नेहमी फॅशनमधलं येतं. सध्या ते एआय आहे, काही वर्षांपूर्वी इंडस्ट्री ४.० (मशीन संगणकांना जोडून चालवणं) होतं. त्याऐवजी चार आठवडे नोंद ठेवा. ज्या ज्या वेळी तुम्ही "सीएंना विचारून सांगतो", "मुलाला विचारा", "ऑपरेटरला माहीत असेल", "बघू, अंदाजे धरा" असं म्हणाल, त्या वेळी वहीत एक ओळ लिहा: तारीख, प्रश्न काय होता, उत्तर कुणी दिलं.

महिन्याने ओळी तीन गटांत वाटा.

पहिला गट: निर्णय माझाच हवा, पण घेतो दुसराच. रेट ठरवणं, मशीन घेणं, पार्टी सोडणं, कर्ज काढणं.

दुसरा गट: काम दुसऱ्याने करावं, पण तपासता मला यायला हवं. जीएसटी हे याचं उत्तम उदाहरण. रिटर्न भरायला शिकण्यात तुमचा वेळ घालवू नका, ते अकाउंटंटचं काम आहे. पण जीएसटीआर-२बी हे विवरण, म्हणजे पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची महिन्याची यादी, वाचायला शिका. १ जानेवारी २०२२ पासून ज्या खरेदीचं बिल पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखवलं आणि जे तुमच्या २बीमध्ये आलं, त्याचंच इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतं. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. महिन्याला वीस मिनिटं देऊन कोणत्या पुरवठादाराची बिलं येत नाहीत एवढं पाहिलंत, तरी तुमचा अडकलेला पैसा दिसू लागतो.

तिसरा गट: पूर्ण दुसऱ्यावर सोडावं असं. कॅडवर ड्रॉइंग काढणं, वेबसाइट, पगारपत्रक. इथे शिकणं म्हणजे वेळ वाया घालवणं, मग ते कितीही आवडो.

शिकण्याचा विषय पहिल्या गटातून घ्या, तिथे नसेल तर दुसऱ्यातून.

सावधान: शेजारच्या प्लॉटवाल्याने ईआरपी (खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतलं म्हणून ईआरपी शिकू नका. त्याच्या वहीतल्या ओळी वेगळ्या असतात.

टप्पा २: विषयाचा प्रश्न करा

"कॉस्टिंग शिकायचं आहे" हा विषय झाला. त्याला शेवट नाही, म्हणून तो अर्धवटच राहतो. "आमच्या व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचा) एका तासाचा खरा खर्च किती?" हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आलं की ते कळतं.

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्याचा प्रश्न असा असू शकतो: रिजेक्शनपैकी वाळूमुळे किती आणि वितळलेल्या धातूमुळे किती? इचलकरंजीचा यंत्रमागधारक विचारेल: जुन्या मागावरचं कापड आणि शटललेस मागावरचं कापड यांत मीटरमागे मजुरी आणि वीज धरून फरक किती पडतो? ज्याचं वीजबिल फुगलंय त्याने विचारावं: बिलातली कोणती रक्कम वापरलेल्या युनिटची आणि कोणती मागणीची, म्हणजे एका वेळी लागणाऱ्या जास्तीत जास्त विजेची?

प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि तीन कसोट्या लावा. उत्तर आलं तर माझा एखादा निर्णय बदलेल का? लागणारी माहिती माझ्या गेटच्या आत मिळते का? दोन-अडीच महिन्यांत उत्तर येऊ शकतं का? तिन्ही 'हो' नसतील तर प्रश्न लहान करा.

एका वेळी एकच प्रश्न घ्या. अनुभवी माणसाला हे सर्वांत जड जातं, कारण त्याला एकदम दहा गोष्टी बिघडलेल्या दिसत असतात.

टप्पा ३: शिकण्याआधी मोजा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो, म्हणून तो उदाहरणाने सोडवून दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमचे वेगळे असतील.

समजा ३० लाखांची व्हीएमसी आहे, एका शिफ्टमध्ये चालते. वर्षाचा स्थिर खर्च असा मांडू:

- घसारा: दहा वर्षांनी ३ लाख मिळतील असं धरून वर्षाला २,७०,०००
- कर्जाचं सरासरी व्याज: १,५०,०००
- ऑपरेटर, महिना २५,००० प्रमाणे: ३,००,०००
- जागेचा वाटा, महिना १०,००० प्रमाणे: १,२०,०००
- देखभाल, तेल, कूलंट: ९०,०००
- सुपरवायझर, क्वालिटी, ऑफिस यांतला वाटा: २,४०,०००

बेरीज ११,७०,०००. इथपर्यंत बहुतेक मालकांना जमतं. पुढे भागायचं कशाने?

सवयीने आपण म्हणतो, आठ तास, तीनशे दिवस, म्हणजे २४०० तास. ११,७०,००० भागिले २४०० म्हणजे साधारण ४८८ रुपये. वीज तासाला ६० रुपये धरली तर ५४८. कोटेशन ६५० रुपये तासाने गेलं की मालकाला वाटतं, तासाला शंभर सुटले.

आता मशीनला एक वही बांधा. दोन आठवडे ऑपरेटरने मशीन थांबलं की वेळ आणि कारण लिहायचं. कारणं चार-पाचच ठेवा: सेटिंग (नव्या कामासाठी मशीन लावणं), पहिल्या पीसची मंजुरी, मटेरिअलची वाट, टूल बदलणं किंवा तुटणं, आणि इतर. दोन आठवड्यांनी समजा असं निघालं की मशीन प्रत्यक्ष कटिंग करतं त्या हिशेबाने वर्षाला १५०० तास. मग ११,७०,००० भागिले १५०० म्हणजे ७८०, आणि वीज धरून ८४०. म्हणजे ६५० रुपये तासाने केलेल्या कामात तासाला १९० रुपये कमी पडतात. १५०० तासांवर ती तूट २ लाख ८५ हजार होते. टूल आणि इन्सर्टचा (टूलच्या बदलता येणाऱ्या पात्यांचा) खर्च अजून धरलेला नाही. तो पीसप्रमाणे वेगळा काढायचा.

हे गणित चौथीच्या भागाकाराचं आहे. कोर्सला गेल्यावर शिक्षक सूत्र सांगतात, पण भागायचा आकडा तुमच्या मशीनजवळच्या वहीतच असतो. तो सोबत नसताना घेतलेलं कॉस्टिंगचं शिक्षण हवेत राहतं. आकडा हातात घेऊन वर्गात बसलात, तर पहिल्याच तासाला तुमचे प्रश्न नेमके असतात.

ऑपरेटरला आधी विश्वासात घ्या. वही बांधली की त्याला वाटतं, आपल्याला पकडायला लावली. मग प्रत्येक थांबण्यापुढे 'मटेरिअलची वाट' असं लिहून येतं. "ही नोंद मशीनची आहे, पगाराशी हिचा संबंध नाही," असं सगळ्यांसमोर सांगा आणि तो शब्द पाळा. त्या नोंदीवरून एकालाही बोललात, तर पुढची वही खोटीच भरली जाईल.

सावधान: ८४० आकडा दिसल्या दिवशी पार्टीला फोन करून रेट वाढवून मागू नका. ही अर्धी समज आहे. मशीन रिकामं पडून असेल तर ६५० चं कामही वीज आणि टूल भागवून स्थिर खर्चात काही भर घालतं. ते काम सोडलं तर घसारा, व्याज, पगार थांबत नाहीत. मशीन भरलेलं असेल आणि ६५० चं काम ९०० च्या कामाची जागा अडवत असेल, तर मात्र निर्णय वेगळा. हा फरक कळणं हाच पुढच्या शिक्षणाचा विषय आहे. आणि रेट वाढवण्याआधी १५०० चे १८०० तास होतात का, हेही बघायचं आहे.

तपासणी: तुमच्या प्रश्नाचा आजचा आकडा वहीत लिहिला आहे का? 'साधारण', 'अंदाजे' हे शब्द न वापरता?

टप्पा ४: आता शिक्षक शोधा

शोध घरापासून सुरू करा.

पहिला शिक्षक तुमच्याच शॉप फ्लोअरवर असतो. पंचवीस वर्षांच्या प्रोग्रॅमरला जे येतं ते तुम्हाला येत नाही, आणि हे दोघांनाही माहीत आहे. पण मालकाने सगळ्यांसमोर विचारलं तर तो गडबडतो, आणि त्याने सगळ्यांसमोर चूक दाखवली तर मालक दुखावतो. म्हणून शिफ्ट सुटल्यावर, दोघंच असताना बसा. "मी करतो, तू बघ. चुकलो तर तिथेच थांबव," असं स्पष्ट सांगा. ज्या दिवशी तो खरंच "साहेब, थांबा" म्हणेल, त्या दिवशी त्याचं कौतुक करा. त्या अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम त्याला द्या. शिकवणं हेही काम आहे.

दुसरे शिक्षक पुरवठादारांकडचे. मशीन कंपनीचे ॲप्लिकेशन इंजिनिअर, कटिंग टूल कंपन्यांचे तांत्रिक लोक. ते आपला माल खपवायला येतात हे उघड आहे, तरी त्यांच्याकडे शेकडो कारखान्यांत पाहिलेलं असतं. त्यांना तुमच्या मोजलेल्या आकड्यावर बोलतं करा.

तिसऱ्या, संस्था. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूलिंग, सीएनसी, कॅड-कॅमचे लहान मुदतीचे अभ्यासक्रम असतात. पुण्याची मराठा चेंबर उद्योजकांसाठी कायदा, निर्यात, उत्पादन या विषयांवर वर्ग घेते. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. त्यांतले बरेच नव्या उद्योजकांसाठी असतात, म्हणून आपल्या कामाचा आहे का हे आधी विचारून घ्या. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे चार, आठ आणि बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षेचे पडतात. व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत आहेत. संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करण्याचा हट्ट नको. तुमच्या प्रश्नाचे दोन आठवडे निवडा. प्रमाणपत्राची गरज नोकरी शोधणाऱ्याला असते.

फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. माझ्या कारखान्याचे आकडे वर्गात वापरता येतील का? एका तुकडीत किती जण? वर्ग संपल्यावर महिनाभराने पुन्हा एक बैठक आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरीकडे बघा.

चॅटजीपीटीसारखी साधनं समजावून घेण्यासाठी चांगली आहेत. मराठीत विचारा, "आठवीतल्या मुलाला सांगावं तसं सांग," असंही म्हणा. वेळेचं बंधन नाही आणि लाजही नाही. मात्र कायद्याच्या तारखा, कराचे दर, मटेरिअलचे ग्रेड यांसाठी त्यावर विसंबू नका, ती साधनं चुकीचं उत्तरही ठामपणे देतात. पार्टीचं ड्रॉइंग त्यात टाकू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असते.

टप्पा ५: आठवडा कसा लावायचा

चार सकाळींपैकी पहिल्या दिवशी नवं वाचा किंवा बघा, वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मग पुस्तक किंवा व्हिडिओ बंद करून आठवेल ते वहीत लिहा. पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून लिहिल्याने गोष्ट जास्त टिकते. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेलं सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने विसरलं जातं, हे त्यातून दिसलं. म्हणून तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा आठवून लिहायची. वहीत पुढच्या तारखा आधीच टाकून ठेवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तेच आपल्या आकड्यांवर करा. चौथ्या दिवशी अडलेले प्रश्न लिहा आणि ज्याला विचारायचे त्याला पाठवा.

माउस स्वतःच्या हातात ठेवा. मुलगा किंवा मुलगी शेजारी बसून "बाबा, द्या इकडे, मी करते" म्हणते आणि चार सेकंदांत काम होतं. त्या चार सेकंदांत तुम्ही काहीच शिकलेले नसता. त्यांना आधीच सांगून ठेवा: तोंडाने सांगा, हात लावू नका.

तपासणी: तीन आठवड्यांनी, कागद न बघता, तुमचा प्रश्न आणि आतापर्यंतचं उत्तर घरातल्या कुणाला तरी पाच मिनिटांत सांगा. त्यांना कळलं नाही तर अजून तुम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पुन्हा एक आठवडा तिथेच थांबा.

टप्पा ६: एका मशीनवर करून बघा

शिकून आलेला मालक दुसऱ्या दिवशी सगळा कारखाना बदलायला निघतो. माणसं मान डोलावतात आणि दोन महिने वाट बघतात, साहेबांचा उत्साह ओसरेपर्यंत.

एक मशीन, एक पार्ट, एक बदल. समजा वरच्या उदाहरणात नोंदीतून निघालं की सर्वांत जास्त वेळ सेटिंगमध्ये जातो. तर त्याच मशीनच्या एका सेटिंगचं मोबाइलवर पूर्ण चित्रीकरण करा, ऑपरेटरची परवानगी घेऊन. मग त्याच्यासोबत बसून बघा आणि कामांची दोन भागांत विभागणी करा: मशीन थांबल्याशिवाय होऊच शकत नाहीत अशी, आणि मशीन चालू असताना आधी करून ठेवता आली असती अशी. फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन) शोधणं, टूल आणायला स्टोअरला जाणं, ड्रॉइंगची प्रत मिळवणं, गेज आणणं हे सगळं दुसऱ्या भागातलं. पुढच्या सेटिंगआधी ते ट्रॉलीवर तयार ठेवा आणि वेळ पुन्हा मोजा.

प्रयोगाला चार ते सहा आठवडे द्या. त्या काळात दुसरं काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

सावधान: वाहन उद्योगाचं काम करत असाल तर पीपीएपी (उत्पादन सुरू करण्याआधीची ग्राहकाची औपचारिक मंजुरी) मंजूर झालेल्या पार्टची प्रक्रिया, मशीन, टूलिंग किंवा मटेरिअलचा स्रोत ग्राहकाला कळवल्याशिवाय बदलू नका. बदल चांगला असला तरी मंजुरी आधी लागते. प्रयोगासाठी असा पार्ट निवडा जिथे हा प्रश्न येत नाही, किंवा फक्त तयारीची पद्धत बदला, प्रक्रिया तीच ठेवा.

टप्पा ७: शिकवा, आणि जुनं बंद करा

आकडा सुधारला की वीस मिनिटांत सुपरवायझरला शिकवा. तुमच्या भाषेत, मशीनजवळ उभं राहून. मग त्याला तेच दुसऱ्या ऑपरेटरला शिकवायला सांगा आणि तुम्ही गप्प उभे राहा. तो जिथे अडखळेल तिथे तुमचं शिकवणं कमी पडलेलं आहे. त्यानंतर एक पान लिहा: कधी करायचं, कुणी करायचं, कुठे नोंदवायचं. मराठीत, किंवा शॉप फ्लोअरवर हिंदी चालत असेल तर हिंदीत.

आता सगळ्यात अवघड भाग. जुनी पद्धत बंद करण्याची तारीख ठरवा. अनुभवी उद्योजकाचं नवं शिक्षण इथेच वाया जातं, कारण जुनं चालूच राहतं. टेबलावर नवा मशीन-अवर रेटचा (मशीनच्या तासाच्या दराचा) तक्ता असतो आणि फोनवर पार्टीला रेट मात्र डोक्यातल्या जुन्या आकड्याने दिला जातो. म्हणून नियम करा: अमुक तारखेपासून फोनवर रेट द्यायचा नाही, "दोन तासांत लेखी पाठवतो" म्हणायचं. जुन्या पार्ट्या कुरकुरतील, काही दिवस चालेल.

पुढची पिढी धंद्यात आली असेल तर हा टप्पा त्यांच्यासमोर करा. तुम्ही स्वतःची पद्धत बदलताना त्यांना दिसलात, तर त्यांना आपली सूचना मांडायला जागा मिळते.

ज्या विषयांना तारीख असते

कायदा, कर, सरकारी योजना यांना वरचा क्रम लागू होत नाही. इथे चूक झाली तर दंड लागतो, म्हणून प्रयोग करत शिकायला वाव नाही. इथला क्रम असा: मूळ अधिसूचना किंवा सरकारी पोर्टलवरचा मजकूर, मग तुमच्या सीएंशी अर्धा तास, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख. ग्रुपवर फिरणारा संदेश हा फक्त 'काहीतरी बदललंय' एवढा इशारा समजा.

आज किमान एवढं माहीत हवं. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस लागतं. १ एप्रिल २०२५ पासून उद्योगांच्या व्याख्या बदलल्या आहेत: सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघू म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटी, मध्यम म्हणजे १२५ कोटी आणि ५०० कोटी. उद्यम नोंदणी, म्हणजे यांपैकी एक उद्योग म्हणून होणारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत होते. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी एजंटांची असतात.

थकलेल्या पैशांबाबत बहुतेक जण अर्धंच शिकतात. सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हे आपल्याला येणाऱ्या पैशांबाबत सगळ्यांना पाठ आहे. पण आपण ज्या छोट्या प्लेटिंगवाल्याकडे किंवा हीट ट्रीटमेंटवाल्याकडे काम देतो, त्याचे पैसे देणारे आपणच असतो. तो सूक्ष्म किंवा लघू म्हणून नोंदलेला असेल आणि वर्षअखेरीला मुदत उलटून गेलेली त्याची बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात वजा मिळत नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. २०२३ च्या वित्त कायद्याने हे आणलं. म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच देण्याची यादी काढा, प्रत्येकाच्या उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागवा आणि बाकी किती दिवसांची आहे ते समोर लिहा.

आपल्याला येणाऱ्या पैशांसाठी ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्था समजून घ्या. तिथे मोठ्या खरेदीदाराने मान्य केलेलं बिल बँका बोली लावून वटवतात आणि तुम्हाला पैसे आधी मिळतात. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणं बंधनकारक केलं गेलं. तुमचा खरेदीदार नोंदलेला आहे का, हे त्याच्या अकाउंट्स विभागाला लेखी विचारा. नोंदणी असणं आणि तुमची बिलं तिथे मान्य केली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दुसरा प्रश्नही त्याच पत्रात घाला.

पुढचा प्रश्न कधी घ्यायचा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर लगेच दुसरा घेऊ नका. महिनाभर फक्त बघा: मशीनजवळची वही अजून भरली जाते का, कोटेशन नव्या तक्त्यावरून जातं का, सुपरवायझर तुमच्याशिवाय सेटिंगची ट्रॉली लावतो का. तिन्ही चालू असेल तर टप्पा १ ची नोंद पुन्हा दोन आठवडे ठेवा. जुनी यादी वापरू नका. मधल्या काळात "अंदाजे धरा" म्हणण्याच्या जागा बदललेल्या असतात.

वर्षाला असे तीन प्रश्न पुरे झाले तर खूप झालं. चौथा घाईने घेतला की सकाळचा पाऊण तास आधी अर्ध्यावर येतो, मग बंद पडतो. दिवाळीच्या आधीचे आणि मार्चचे आठवडे रिकामे सोडा. त्या दिवसांत सकाळी येऊन फक्त जुनी पानं आठवून लिहा.